शाळा समितीला खुलं पत्र : शनिवारचे दोन तास पथकाकडेच राहू द्या

आदरणीय शाळा समितीचे अध्यक्ष, सर्व सभासद, मुख्याध्यापक सर, आणि ज्यांची मुलं पथकात आहेत ते सगळे पालक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मीटिंगमध्ये ठरलं की येत्या जूनपासून शनिवारचे शेवटचे दोन तास स्काउट-गाइडला द्यायचे नाहीत, त्या जागी आठवी-नववीचा फाउंडेशन क्लास घ्यायचा आणि पथकाची खोली बेंचेस ठेवायला रिकामी करायची. मला हे नोटिशीतून कळलं. राग मनात धरून लिहीत नाहीये, पण गप्प बसणंही जमेना, कारण या पथकात मी पाचवीपासून दहावीपर्यंत स्काउट होतो, नंतर याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि तेव्हापासून स्काउट मास्तर आहे, आणि तुमच्या समितीतले चार जणसुद्धा याच मैदानात गाठी मारायला शिकलेत, त्यातले दोघं तर माझ्याच संघात, म्हणजे पथकातल्या छोट्या तुकडीत, होते. म्हणून म्हटलं सगळ्यांसमोर लिहावं, बंद पाकिटात नको.

खोली रिकामी करायची म्हणून परवा लोखंडी कपाट उघडलं. सगळ्यात खालच्या खणात, फाटक्या ताडपत्रीखाली, पथकाचं जुनं रजिस्टर निघालं. लांबट, कापडी बांधणीचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पहिल्या पानावर जाड निबाच्या पेनानं ‘बालवीर पथक’ लिहिलंय, स्काउट हा शब्द पुढच्या पानांवर हळूहळू यायला लागतो. खाली आठ मुलांची नावं. एकच संघ, गरुड संघ. साहित्याच्या यादीत काठ्या ८, दोर २ (पैकी एक तुटका), शिट्टी १, कंदील १. तंबूचं नावच नाही. मग डिसेंबर १९६७ चं एक पान आहे, त्यावर फक्त तीन ओळी, की भूकंप झाला, शाळेला सुट्टी आहे, कोयनेकडे पाठविण्यास जुने कपडे आणि घोंगडी गोळा केली, वाडीवर दोन फेऱ्या. ‘पाठविण्यास’ मधली वेलांटी दोनदा खोडून परत काढलीय. म्हणजे हे मास्तरांचं अक्षर नाही, संघनायकाचं आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं भूकंपानंतर आपल्या संघाला घेऊन दारोदार फिरायचं आणि रात्री कंदिलाशेजारी बसून त्याची नोंद करायची, हे त्या पानावर आहे. मी ते पान किती वेळ बघत बसलो होतो सांगता येणार नाही.

आठ मुलांचं पथक म्हणजे छोटं वाटेल, पण ही सगळी चळवळच अशी लहान सुरू झालीय. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हा जेमतेम वीसएक मुलं होती. पण कुठली मुलं ते बघा. निम्मी मोठ्या घरची, महागड्या शाळांमधली आणि निम्मी आसपासच्या गावांतल्या कामकरी लोकांची, आणि त्यांचे चार संघ पाडताना ही दोन्ही मुलं मुद्दाम मिसळली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. आणि प्रत्येक संघाचा नायक मुलातलाच एक. याचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगमध्ये आहे, तिथे २१७ दिवस वेढा पडला होता आणि गावातल्या पोरांनी निरोप पोचवायची, पहाऱ्याची कामं अंगावर घेतली होती, तेव्हा बेडन पॉवेलना कळलं की मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पेलतो. पुढं १९०८ ला त्यांचं पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी भागाभागानं निघायला लागलं आणि मुलांनी ते वाचून आपापसातच संघ तयार केले आणि मग आपल्याला शिकवायला मोठं माणूस शोधत फिरले. आधी पोरं, मग मास्तर, मग ऑफिस, हा त्याचा क्रम आहे. आपण आता उलटा क्रम लावलाय, आधी ऑफिस मग परिपत्रक मग फोटो, आणि पोरं उरली तर उरली.

आपल्या देशात १९०९ ला कॅप्टन बेकर यांनी बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत पहिलं पथक काढलं. पुढच्या दोनेक वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास असं पसरलं. खडकी आणि लोणावळा! पुण्याहून मुंबईला जाताना आपण खिडकीतून बघतो ती स्टेशनं. पण त्या पथकांत आपल्या पोरांना घेत नव्हते, फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. भारतीय मुलांना हे शिकवू नये असंच सरकारला वाटत होतं. मग आपल्या लोकांनी वेगळी वाट काढली. १९१६ ला ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी संघटना काढली, शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयी आधीपासून पोरं जमवत होते, आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी मिळून अलाहाबादला सेवा समितीचं स्काउटिंग उभं राहिलं. कुंझरू म्हणजे आपल्या नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले, पुढं त्याचे अध्यक्षसुद्धा झाले. म्हणजे पुण्यात १९०५ ला लावलेल्या रोपाची एक फांदी या स्काउटिंगपर्यंत येते, हे मी पोरांना दरवर्षी सांगतो. नागपूरला विवियन बोस होते, नंतर सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले तेच, त्यांनीही या कामाला आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली. १९३८ ला हिंदुस्तान स्काउट असोसिएशन झाली, मग स्वातंत्र्य आलं तरी दोन चुली चालूच होत्या, शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला एक होऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स झालं आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. आपण ७ नोव्हेंबरला जे झेंड्याचे स्टिकर विकतो ते त्या दिवसाचे. स्टिकर विकताना हे मुलांना सांगितलं जात नाही, कारण तेव्हा फक्त किती पैसे जमले ते बघायचं असतं.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण आपल्या पथकाची गोष्टही याच वळणाची आहे. मी पाचवीत होतो तेव्हा दोन संघ होते. खाकी ड्रेस, हाफ पँट, आणि स्कार्फ आईच्या जुन्या लुगड्याचा शिवलेला. मास्तर हजेरी घ्यायचे नाहीत, संघनायकाला विचारायचे तुझी किती आलीत, आणि कोण आलं नसेल तर संघनायकानं संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यायचं. त्या एका सवयीमुळं आम्हाला गावातली सगळी घरं माहीत झाली. जिथं कधी गेलो नसतो त्या वस्तीत गेलो, तिथं चहा प्यायलो. पेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा माझ्या संघात होता आणि बाजार समितीत हमाली करणाऱ्या काकांचा मुलगा आमचा संघनायक होता, आणि मुक्कामात डॉक्टरांच्या मुलानं कुठला तवा घासायचा ते तो ठरवायचा. दोघंही आज तुमच्या-माझ्या ओळखीचे आहेत, अजूनही एकमेकांच्या घरी लग्नकार्याला राबतात.

मी पथक हातात घेतलं तेव्हा बारा मुलं होती आणि अर्धी सर्टिफिकेटसाठी आलेली. पहिल्या वर्षी मी चूक केली ती लिहितो, सगळं मीच शिकवत बसलो. फळ्यावर गाठींची चित्रं काढली. मुलं कंटाळली, सहा उरली. मग स्काउट मास्तरांच्या बेसिक कोर्सला गेलो, तिथं सात दिवस आम्हा शिक्षकांनाच संघ करून राहायला लावलं, भांडी आम्हीच घासली, तंबू आम्हीच ठोकले, आणि तिथं उजेड पडला की मास्तरनं कमी बोलायचं असतं. परत आल्यावर सहाच्या सहा मुलांना दोर देऊन मैदानात सोडलं आणि सांगितलं एक गाठ तुम्ही शिका आणि पाचवीतल्या एकाला शिकवून दाखवा. पुढच्या शनिवारी अकरा मुलं आली.

गाठ म्हणजे काय हे ज्यांनी मारली नाही त्यांना क्षुल्लक वाटतं. सपाट गाठ घ्या, आपण रीफ नॉट म्हणतो ती. डावं टोक उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दुसऱ्या वेळेलाही डावंच वर घेतलं की ती चुकते, बघायला तशीच दिसते पण ताण आला की सरकते. मुलं हमखास तिथंच चुकतात. एक मुलगा होता, बोलताना अडखळायचा, वर्गात कधी हात वर करायचा नाही. त्याच्या हातात ही गाठ अशी बसली की डोळे मिटून, पाठीमागं हात घेऊन मारायचा. लहान पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची, आणि तो बोलायचा नाही, नुसता हळूहळू करून दाखवायचा, परत सोडायचा, परत करून दाखवायचा. पुढच्या वर्षी मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, पोरांनीच त्याला चित्ता संघाचा नायक केला. मी नाही केला. मला मनातून भीती होती की याला आज्ञा देता येणार नाहीत. मला ते कबूल करायला लाज वाटत नाही.

मग चार संघ झाले. मुली येऊन विचारायला लागल्या की आमचं काय, आणि तेही इतिहासाला धरूनच झालं, कारण १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यालासुद्धा काही मुली स्काउटची टोपी घालून न बोलावता येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातनंच पुढच्या वर्षी गाइड्स निघाल्या. आमच्याकडं एका बाईंनी स्वतःच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅप्टनचं (गाइडच्या शिक्षिकेला कॅप्टन म्हणतात) ट्रेनिंग घेतलं आणि गाइड कंपनी काढली. नंतर प्राथमिककडं कब आणि बुलबुल, म्हणजे लहान मुलांची आणि लहान मुलींची पथकं, झाली. आठ काठ्यांपासून इथपर्यंत.

यातला एकही पैसा शाळेनं दिला नाही अशी तक्रार नाही, शाळेची परिस्थिती मला माहीत आहे. तंबू आम्ही खरी कमाईतून घेतले. पोरांनी भेळ विकली, सायकली धुतल्या, शेतावर हळद काढायला गेली. पण दोन वर्षांपूर्वी पोरांनी खरी कमाईत जमवलेले पैसे स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या बिलात गेले, आणि मला सांगण्यात आलं की शेवटी सगळं शाळेचंच आहे. ते पैसे कसे आले होते ते मी बघितलंय. एका मुलीचे हात हळदीनं आठवडाभर पिवळे होते. तिनं मला विचारलं सर आपला नवा तंबू कधी येणार, आणि मी तिला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही सांगा.

आणि पाहुण्यांचं. पाहुणे अकराला येणार म्हणून आठपासून स्कार्फ घालून मुलांना गेटपासून स्टेजपर्यंत दोन रांगांत उभं करायचं हे स्काउटिंग नाही. मागच्या वर्षी एक गाइड चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेऊन, पाय उंच करून, स्कार्फनं वारा घालणाऱ्या तिच्याच संघातल्या मुली होत्या. स्टेजवरचं कुणी खाली आलं नाही. पथक स्वागतासाठी लागतं म्हणून चालू ठेवा असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं म्हणे. त्या कारणासाठी चालू ठेवणार असाल तर नको.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णेचं पाणी दर तासाला वर येत होतं, पेठ गेली, स्टँड गेलं, आणि आपली शाळा उंचावर म्हणून सगळी माणसं इथं आली. पहिल्या रात्री वर्गावर्गात किती माणसं आहेत ते कुणालाच माहीत नव्हतं. लाइट गेलेली, मोबाइल बंद. मी स्वतः पलीकडच्या अंगाला अडकलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीतनं पोचलो. तोपर्यंत पथकातली जी पोरं घरच्यांबरोबर शाळेत आली होती, आणि त्यातल्या कितीतरींची घरं तेव्हा पाण्याखाली होती, त्यांनी वर्ग वाटून घेतले होते. एकेका वर्गाला एकेक स्काउट. नववीतल्या एका गाइडनं शंभर पानी वही घेऊन प्रत्येक वर्गात जाऊन नावं, वयं आणि औषधं लिहिली होती. कुणाला बीपीची गोळी, कुणाला दम्याचा पंप, कोण बाळंतीण. दोघांचं इन्सुलिन होतं, ते तिनं डब्यात घालून, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी खिडकीत ठेवलं होतं आणि फडकं वाळलं की भिजवायला एका कबला बसवलं होतं. मेडिकलची टीम आली तेव्हा त्यांनी ती वही मागून घेतली आणि त्यावरूनच काम केलं. मी तिला यातलं काही शिकवलं नव्हतं. मी तिला फक्त तीन वर्षं संघाची नोंदवही लिहायला लावली होती.

समितीतले दोन सभासद तेव्हा चार नंबरच्या वर्गात होते. त्यांची नावं त्या वहीत आहेत.

मग कोरोना. दोन वर्षं मैदान बंद, तंबू गुंडाळून ठेवलेले, उंदरांनी खाल्ले, बुरशी आली. शाळा उघडली तेव्हा जुने संघनायक दहावी होऊन गेले होते आणि जी साखळी असते ना, मोठ्यानं छोट्याला शिकवायची, तीच तुटली. दोर देऊन मैदानात सोडलं तर शिकवणारंच कुणी नाही. म्हणून मी जुन्या स्काउट्सना फोन केले, कुणी पुण्यात नोकरीला, कुणी गुऱ्हाळावर, कुणी पोलिसात, आणि ती पोरं दर महिन्याला एक शनिवार येऊन शिकवून गेली. तो अडखळत बोलणारा मुलगासुद्धा आला, तो आता वायरमन आहे. आत्ता परत तीन संघ झालेत. तीन! आणि नेमकं आत्ता तास काढून घेतायत.

फाउंडेशन क्लासला माझा विरोध नाही. पालकांना काळजी आहे, स्पर्धा आहे, मला समजतं. पण परवाच्या शनिवारी काय झालं ते सांगतो. मुलांना चिंचेच्या झाडाची उंची काढायची होती, वर न चढता. काठी उभी रोवली, तिची सावली मोजली, झाडाची सावली मोजली. काठीला ही सावली तर झाडाला एवढी सावली म्हणजे झाड केवढं. गणितात सतत नापास होणारा एक मुलगा जमिनीवर काडीनं आकडेमोड करून म्हणाला सर, हे त्रिकोण सारखेच आहेत, एक मोठाय एवढंच. समरूप त्रिकोण दहावीत येतात. त्याला ते आठवीत, चिंचेखाली सापडले. गणिताच्या बाईंना सांगितलं तर त्या स्वतः बघायला आल्या. क्लास रोज साडेपाचनंतर घ्या, मी स्वतः किल्ली घेऊन थांबतो, कुलूप लावून घरी जाईन. शनिवारचा सकाळच्या शाळेचा शेवट तेवढा सोडा, कारण तेव्हाच वाडी-वस्तीवरची पोरं एसटी गाठण्याआधी थांबू शकतात, रविवारी ती येऊ शकत नाहीत. तास रविवारी ढकलला तर पथकात फक्त गावातली पोरं राहतील, आणि मग ज्यासाठी ब्राउनसीला त्या वीसएक पोरांचे संघ मिसळले होते तेच संपलं.

माझं मागणं असं आहे. दोन तास राहू देत. खोली राहू दे, निम्मी दिली तरी चालेल, पण कपाट आणि तंबू कोरड्या जागेत पाहिजेत. खरी कमाईचं वेगळं खातं असावं आणि त्याचा हिशोब मानसभेत मुलांपुढं वाचला जावा. आणि माझी नोकरी दोन वर्षं राहिलीय, तेव्हा एका तरुण शिक्षकाला आणि एका शिक्षिकेला याच दिवाळीच्या सुट्टीत बेसिक कोर्सला पाठवा, ज्यांना मनापासून जायचंय त्यांनाच, नाइलाजानं कुणाला नको. पथक एका माणसावर असलं की तो रिटायर झाला की बंद पडतं, आजूबाजूच्या किती शाळांत असं झालंय ते आपण बघतोच.

एक रात्र सांगतो आणि थांबतो. मच्छिंद्रगडाच्या पायथ्याला मुक्काम होता, ऑक्टोबर, आणि रात्री परतीचा पाऊस आला. सुती दोर भिजला की आखडतो, तंबूच्या ताणदोऱ्या इतक्या कसतात की खुंट्या उपटून तंबू अंगावर येतो, म्हणून पाऊस लागला की उठून दोऱ्या सैल करायच्या असतात. मी जागा झालो, बॅटरी शोधेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. बाहेर आलो तर एक सहावीतला मुलगा, बनियनवर, भिजलेला, एकेका तंबूच्या दोऱ्या सैल करत फिरत होता. स्वतःच्या संघाच्याच नाही, सगळ्यांच्या. मी म्हटलं अरे कुणाला उठवायचं तरी. म्हणाला सर, झोपलीत ना सगळी. त्यानं शेवटची दोरी सैल केली, ओढून बघितली आणि आत जाऊन झोपला. सकाळी कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंही सांगितलं नाही.

येत्या शनिवारी साडेदहाला पथक मैदानात असेल. नवीन दोर आणलेत, ते भिजवून, ताणून वाळवायचेत, त्याला मोठी माणसं लागतात. समितीतल्या चौघांनी यावं ही विनंती. जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलेलं असेल, तुमची नावं कुठल्या पानावर आहेत तिथं मी दोरा घालून ठेवलाय.

आपला,
पथकाचा स्काउट मास्तर
(आणि एकेकाळचा गरुड संघाचा उपसंघनायक)